चोर, जादूगार आणि ताटकळलेली टोळी

सर फँग नावाचा एक व्हॅम्पायर होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन आपल्या मित्रांना ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक मुलखात खेळवत असे. हा फँग त्यातल्याच एका खेळाडूचं पात्र. त्याची ताकद वाढत वाढत इतकी झाली की बाकीच्या खेळाडूंना तो आवरेना. मग दुसऱ्या एकाच्या हाती नवं पात्र आलं: पवित्र चिन्ह पुढे धरून पिशाच्चांना पळवून लावणारा धर्मगुरू. इंग्लंडच्या ‘हॅमर’ कंपनीच्या भयपटांतले व्हॅम्पायर मारणारे पुरुष डोळ्यांसमोर होतेच. आज जगभरचे खेळाडू ज्याला जखमा बऱ्या करणारा म्हणून ओळखतात, तो क्लेरिक असा एका माजलेल्या खेळाडूवरचा उतारा म्हणून जन्माला आला.

टेबलावर बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमचा हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण जग चालवतो, तो डंजन मास्टर, म्हणजेच डीएम. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी दाराला कान लावतो’, ‘मी तलवार उपसते’ असं सांगत गोष्ट पुढे नेतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. पात्राचा जो पेशा असतो त्याला क्लास म्हणतात: लढवय्या, जादूगार, चोर, रानवाटा जाणणारा रेंजर, गाणारा बार्ड, आणि असे कितीतरी.

या क्लासांचा इतिहास मला विलक्षण आवडतो, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक तज्ज्ञ कुठल्यातरी अडचणीवरचा तोडगा म्हणून आला आणि येताना नवी अडचण घेऊन आला. समतोल म्हटलं की लोक आकडे काढून बसतात, कुणाचा घाव किती, कुणाचा मंत्र किती. मला वाटतं मुद्दा दुसराच आहे. टेबलावर वाटायची गोष्ट ताकद नसते, पाळी असते. कुणाची पाळी येते, किती वेळ चालते आणि ती चालू असताना बाकीचे काय करतात, यावरच कुठलाही क्लास तरतो किंवा बुडतो.

सुरुवातीचे तिघे

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा हा खेळ एका छोट्याशा पेटीत, तीन पातळ पुस्तिकांमध्ये निघाला. पहिली छपाई १,००० प्रतींची, किंमत १० डॉलर. क्लास तीनच: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक.

त्या मूळ नियमांत एक गंमत आहे. तिथल्या पर्यायी लढाईच्या नियमांनुसार कुठल्याही शस्त्राचा घाव एकाच सहा बाजूंच्या फाशानं मोजायचा. म्हणजे लढवय्यानं दोन हातांनी पेललेली तलवार आणि जादूगाराचा कंबरेचा खंजीर, दोन्ही सारखेच लागायचे! मग लढवय्याला काय मिळालं? जादूच्या तलवारी. त्या फक्त त्यालाच पेलता यायच्या, आणि त्यातल्या काहींना स्वतःची अक्कल, स्वतःची मर्जी असे. दुसऱ्या कुणालाच न मिळणारी वस्तू एकाच्या हाती देणं, ही समतोल साधण्याची सगळ्यात जुनी युक्ती.

आणि क्लेरिक? पहिल्या पातळीवर, म्हणजे अनुभवाचे गुण मिळवून वर चढण्याआधी, त्याच्याकडे एकही मंत्र नव्हता. पिशाच्चांना पळवायचं आणि गदा फिरवायची, बस्स.

चोर आला आणि बाकीचे अडाणी झाले

कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या ‘एरो हॉबीज’ दुकानात खेळणाऱ्या मंडळींनी कुलपं उघडणारं, खिसे कापणारं एक पात्र तयार केलं. ती कल्पना गायगॅक्सच्या कानावर गेली आणि १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोर अधिकृतपणे दाखल झाला. उडत्या पाखराची पिसं मोजणारा हा पठ्ठ्या लगेच लाडका झाला. पण त्यानं खेळात एक चमत्कारिक बदल घडवला, ज्याचा वाद अजून मिटलेला नाही.

चोर येण्याआधी सापळा कोण शोधायचा? सगळेच. दहा फुटी काठीनं फरशी ठोकून बघायची, पाणी ओतून ते कुठल्या फटीत जिरतं ते पाहायचं, पेटी मागच्या बाजूनं फोडायची. खेळाडूनं डोकं चालवायचं आणि डीएमनं ठरवायचं. चोराच्या नावापुढे ‘सापळे शोधणे’ आणि ‘आवाज न करता चालणे’ असं लिहिलं गेलं आणि त्या क्षणी उरलेल्यांच्या मनात प्रश्न आला: मग आपल्याला ते येत नाही का? एकाला कौशल्य दिलं की तेच कौशल्य बाकीच्या चौघांकडून काढून घेतलं जातं. मला तर हा सगळ्या तज्ज्ञ क्लासांचा मूळ पेच वाटतो.

बरं, चोराला तरी ते येत होतं का? १९७८च्या ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकातला तक्ता उघडा. पहिल्या पातळीच्या चोराचे आकडे असे: खिसा कापणे ३० टक्के, कुलूप उघडणे २५, सापळा शोधणे किंवा काढणे २०, चाहूल न देता चालणे १५, सावलीत लपणे १०, कानोसा घेणे १०. वंशामुळे किंवा चपळाईमुळे यात थोडी भर पडायची, पण पाया हाच.

आता समोर एक पेटी आहे असं धरा. कुलपाच्या आत विषारी सुई आहे.

“मी पेटी तपासतो,” चोर म्हणतो. सुई सापडण्याची शक्यता २० टक्के. सापडली तर ती काढायचा फासा वेगळा, पुन्हा २० टक्के. काढली तर कुलूप, २५ टक्के. तिन्हींचा गुणाकार करा. शंभरात एक! टोळीतला सगळ्यात मोठा तज्ज्ञ, ज्याला नेमकं याच कामासाठी बरोबर आणलं, तो शंभरातून एकदा हे काम शेवटपर्यंत नीट पार पाडणार. आणि कुलूप उघडायला चुकला तर त्याच कुलपावर पुन्हा हात टाकायचा नाही, पुढची पातळी गाठेपर्यंत थांबायचं.

एकच आकडा मात्र झकास होता. भिंत चढणे, ८५ टक्के. म्हणून त्या काळचे हुशार चोर दारांच्या वाटेला जातच नसत, खिडकीतून शिरत.

शिवाय पातळी चढायला चोराला जादूगाराच्या निम्माच अनुभव लागायचा. चोराला १,२५१ गुण, जादूगाराला २,५०१. म्हणजे कमकुवतपणाची भरपाई वेगानं. ही कल्पना मला फार शहाणी वाटते. पुढे २०००च्या आवृत्तीत सगळ्यांना एकच तक्ता लागू झाला आणि ती गेली, त्याची हळहळ वाटते.

चोराच्या पोटावर खरा पाय दिला तो जादूगारानं. दुसऱ्या दर्जाचा ‘नॉक’ हा मंत्र म्हटला की कुलूप उघडतं. टक्केवारी नाही, फासा नाही. जन्मभर कुलपं हाताळणाऱ्याला २५ टक्के आणि चार शब्द पुटपुटणाऱ्याला हमखास यश! यावरचा उपाय २०१४च्या पाचव्या आवृत्तीत सापडला आणि तो मला या साऱ्या इतिहासातला सगळ्यात देखणा नियम वाटतो. मंत्र तसाच ठेवला, कुलूप हमखास उघडतं, पण उघडताना असा ठोका वाजतो की ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. एकही टक्का न बदलता चोराला त्याची जागा परत मिळाली. पहारेकरी शेजारच्या दालनात झोपलाय? मग सगळे आपोआप चोराकडे बघतात.

५४ जणांत एक पॅलाडिन

धर्मासाठी लढणारा योद्धा, पॅलाडिन, हाही ‘ग्रेहॉक’मधूनच आला. पोल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीचा त्यावर मोठा प्रभाव. १९७८च्या नियमांत पॅलाडिन व्हायला व्यक्तिमत्त्वाच्या गुणात किमान १७ हवेत. तीन फासे टाकून १७ किंवा १८ येण्याच्या रीती २१६ पैकी ४. म्हणजे ५४ पात्रांत एक, आणि शक्ती, शहाणपण वगैरे इतर अटी अजून बाकीच. १९७९च्या डीएमसाठीच्या पुस्तकानं चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडून द्यायची मुभा दिली, वर सहाही आकडे हवे तिथे लावायची. मग सहापैकी एखादा तरी आकडा १७ किंवा त्याहून जास्त असण्याची शक्यता साधारण ३० टक्क्यांवर गेली. दुर्मीळ म्हणून ताकदवान ठेवलेला योद्धा या एका मुभेनं बराच सोपा झाला.

तसंही दुर्मीळपणानं जगाचा समतोल साधतो, टेबलाचा नाही. ज्याच्या फाशांवर १७ पडले त्याच्या शेजारी बसलेल्या साध्या लढवय्याला ‘असे फार थोडे असतात बरं का’ या माहितीचा काडीचाही उपयोग नसतो. त्याच्यासमोर तर एक बसलेलाच आहे.

दुसरी युक्ती होती बंधनांची. पॅलाडिननं मिळकतीचा दहावा हिस्सा दान करायचा, जादूच्या वस्तू दहापेक्षा जास्त बाळगायच्या नाहीत आणि सदाचार सोडायचा नाही. हेतू चांगला, पण या बंधनांचा काच बऱ्याचदा दुसऱ्यांनाच बसतो. पॅलाडिन बघतोय म्हणून चोराला खिसा कापता येत नाही. याचा कळस म्हणजे १९८५च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’मधला बार्बेरियन. सुरुवातीच्या पातळ्यांवर त्यानं जादूगाराच्या संगतीत राहायचंच नाही, आणि जादूच्या वस्तू मोडून टाकल्या की त्याला अनुभवाचे गुण मिळायचे! टोळीनं जिवावर उदार होऊन मिळवलेली जादूची काठी आपल्याच माणसानं गुडघ्यावर ठेवून मोडायची आणि त्यातून वर चढायचं. पात्राच्या दृष्टीनं हे अगदी खरं आहे आणि टोळीच्या दृष्टीनं असह्य.

बढती हवी? आधी साहेबाला हरवा

जुन्या नियमांतल्या तीन क्लासांची बढतीची रीत वाचून मी दर वेळी खूश होतो. मंक, म्हणजे नुसत्या हातापायांनी लढणारा साधू, वरच्या पातळ्यांवर गेला की पुढची जागा रिकामी नसते. तिथे जो बसलेला असतो त्याला द्वंद्वात हरवावं लागतं. निसर्गपूजक ड्रुइडांमध्ये महाड्रुइड एकच, तिथेही तेच. मारेकऱ्यांच्या जमातीत सगळ्यात वरची जागा ‘ग्रँडफादर ऑफ असॅसिन्स’ची, आणि ती रिकामी कशी करायची हे वेगळं सांगायला नको.

या मंकची प्रेरणा शोधायला कुणी शाओलिनकडे वळेल, पण ती अमेरिकेतल्या ‘द डिस्ट्रॉयर’ या स्वस्त पेपरबॅक थरारकथांच्या मालिकेत सापडते.

मारेकऱ्याचं नशीब पुढे फिरलं. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत हा क्लास काढूनच टाकला, राक्षसांची आणि सैतानांचीही नावं बदलली. खेळावर होणाऱ्या नैतिक टीकेचा तो काळ होता.

बारा गावचं पाणी प्यायलेला बार्ड

बार्ड १९७६ साली ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या छोट्या नियतकालिकातून आला. १९७८च्या पुस्तकात त्याला थेट परिशिष्टात बसवलं, आणि तिथे पोचायची वाट बघा: आधी लढवय्या व्हायचं, पाचवी ते सातवी पातळी गाठायची. मग ते सोडून चोर व्हायचं, पुन्हा पाचव्या ते नवव्या पातळीपर्यंत. त्यानंतर ड्रुइडांच्या हाताखाली जाऊन मग कुठे बार्ड. गाणं म्हणायला इतकी वर्षं लावणारं पात्र किती जणांनी खरोखर खेळवलं असेल! एक ना धड भाराभर चिंध्या, अशी त्याची ख्याती बरीच वर्षं टिकली. मग २०१४च्या आवृत्तीनं त्याला नवव्या दर्जापर्यंतचे मंत्र देऊन जादूगाराच्या पंक्तीला बसवलं, आणि आज टेबलावर बार्ड आला की लोक सावरून बसतात. शिवाय त्याच्याकडे एक गोड कला आहे. तो दुसऱ्याला स्फूर्तीचा फासा देतो आणि तो दुसरा हवा तेव्हा तो आपल्या फाशात मिळवतो. बार्डची पाळी संपली तरी त्याचा फासा दुसऱ्याच्या हातात खुळखुळत राहतो.

लढवय्याची रांग, जादूगाराचा डोंगर

जुन्या नियमांत पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे दिवसाला एक मंत्र आणि चार बाजूंच्या एका फाशाएवढा जीव. एखाद्या गॉब्लिनचा एक फटका आणि खेळ खलास. लढवय्याला मात्र दहा बाजूंचा फासा, चिलखत, ढाल. तेव्हाचा करार सरळ होता: सुरुवातीला लढवय्यानं जादूगाराला जपायचं, पुढे जादूगारानं सगळ्यांना. पाळी वाटली जायची, पण महिन्यांच्या हिशेबानं.

अडचण अशी की बरेच खेळ तितके महिने चालतच नाहीत. कुणाची परीक्षा येते, कुणाची बदली होते. पाचव्या पातळीवर खेळ थांबला तर जादूगारानं नुसतंच सोसलं, आणि पंधराव्या पातळीवर सुरू केला तर लढवय्या पहिल्या दिवसापासून मागे. आताच्या आवृत्तीतही सतराव्या पातळीचा जादूगार ‘विश’ हा मंत्र टाकून वास्तवच वाकवू शकतो. लढवय्याला विसाव्या पातळीवर एका पाळीत चार वार करता येतात. चार वार मोठेच, पण तुलना करून बघा.

२०००ची तिसरी आवृत्ती आणि २००३ची तिची सुधारलेली साडेतिसरी, या काळात ही दरी सगळ्यात रुंद झाली. तिथला ड्रुइड सोबत एक जनावर पाळतो. पाचव्या पातळीपासून स्वतः जनावर होतो. ‘नॅचरल स्पेल’ नावाचं कसब घेतलं की जनावराच्या रूपातही मंत्र टाकतो. म्हणजे स्वतः अस्वल, शेजारी पाळलेलं अस्वल, आणि अस्वलाच्या तोंडून वीज पाडणारे मंत्र. लढवय्या बिचारा तलवार घेऊन या तिघांच्या मागे चालतोय. ‘या टोळीत माझं काम काय?’ हा प्रश्न त्या काळात लढवय्या खेळणाऱ्यांनी मनापासून विचारला, आणि त्याला प्रामाणिक उत्तर नव्हतं.

२००८च्या चौथ्या आवृत्तीनं ते द्यायचा निर्धार केला. सगळ्यांना एकाच साच्यातल्या करामती: काही केव्हाही वापरायच्या, काही लढाईत एकदा, काही दिवसात एकदा. प्रत्येक क्लासची भूमिकाही छापून दिली. राखणदार, घाव घालणारा, साथ देणारा नायक आणि मैदान ताब्यात ठेवणारा. समतोल झाला, आकड्यांनी सिद्ध करता येईल असा झाला. आणि खेळाडूंचा मोठा वर्ग नाराज झाला. सब घोडे बारा टक्के, मग जादूगार होण्यात मजा काय? त्याच सुमारास, २००९ साली, जुन्या साडेतिसरीच्या पायावर उभ्या राहिलेल्या ‘पाथफाइंडर’ला जो प्रतिसाद मिळाला त्यातून ही नाराजी किती खोल होती ते दिसलं.

तरी मी चौथ्या आवृत्तीच्या बाजूनं एक गोष्ट आवर्जून सांगेन: वॉरलॉर्ड. हा क्लास लढतो कमी, ओरडतो जास्त. त्याच्या एका साध्या करामतीत तो स्वतः वार करतच नाही. तो साथीदाराला हाक देतो आणि साथीदार लगेच वार करतो. ज्याचं वैशिष्ट्यच दुसऱ्याला पाळी देणं आहे, असा तज्ज्ञ! शिवाय याच आवृत्तीत जखमा बऱ्या करण्याची करामत छोट्या कृतीत बसवली, म्हणजे कुणाला सावरण्यापायी क्लेरिकला स्वतःचा वार सोडावा लागेना. ‘कुणीतरी क्लेरिक घ्या रे’ ही टेबलावरची जुनी विनवणी त्यामुळे बरीच कमी झाली. पाचव्या आवृत्तीत वॉरलॉर्ड स्वतंत्र क्लास म्हणून आला नाही, ही मला आजही चूक वाटते.

रेंजरनं रान जिंकलं आणि रान संपलं

रेंजर १९७५चा, उघडउघड ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या ॲरागॉर्नवरून बेतलेला. १९७८च्या पुस्तकात नियम होता की तीनपेक्षा जास्त रेंजरांनी एकत्र फिरायचं नाही. पण त्याची खरी गंमत २०१४मध्ये झाली. नियम असा: आपल्या आवडीच्या प्रदेशात रेंजर असेल तर टोळी वाट चुकत नाही, अवघड जमिनीनं तिचा वेग मंदावत नाही आणि त्याला दुप्पट अन्न सापडतं. वाचताना वाटतं, वा! खेळताना कळतं की रानातला प्रवास हा प्रसंगच नाहीसा झाला. वाट चुकणं, उपास पडणं, नदी पार करणं, यात तर रेंजरला चमकायचं होतं. तज्ज्ञाला त्याच्या विषयात पूर्ण माफी दिली की त्याचा विषय टेबलावरून उठतो. डीएम एका वाक्यात सांगून मोकळा होतो: “तुम्ही पोचलात.”

अन्नाचं तर आणखी वाईट. त्याच पुस्तकात ‘आउटलँडर’ नावाची पार्श्वभूमी आहे. ती कुठल्याही क्लासला घेता येते आणि तिच्या जोरावर स्वतःसाठी आणि आणखी पाच जणांसाठी रोज अन्नपाणी मिळवता येतं. ‘गुडबेरी’ या पहिल्या दर्जाच्या मंत्रात दहा बोरं मिळतात, आणि एका बोरात एका माणसाचा दिवस निघतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणावं, तर इथे ससा सगळ्यांच्याच हाती. प्रकाशकांनी पुढची काही वर्षं रेंजरचे सुधारित मसुदे काढले, आणि २०२०च्या ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’मध्ये पर्यायी नियम दिले.

पिझ्झा मागवायची वेळ

आता थोडं डंजन्सच्या बाहेर. १९८८ साली माइक पाँडस्मिथ यांचा ‘सायबरपंक’ आला. त्यात नेटरनर हा संगणकांच्या जाळ्यात शिरणारा तज्ज्ञ. १९८९च्या ‘शॅडोरन’मध्ये तेच काम डेकर करतो. वाचायला दोघंही भन्नाट. पण खेळताना काय व्हायचं ते नीट बघा. टोळी इमारतीच्या दारात उभी. नेटरनर जाळ्यात शिरतो. तिथे त्याच्यासाठी वेगळा नकाशा, वेगळे पहारेकरी, वेगळे नियम. जाळ्यातले काही सेकंद टेबलावर पाऊण तास चालतात. डीएम आणि नेटरनर समोरासमोर रंगलेत, आणि गोळ्या झाडणारा, गाडी चालवणारी, जखमा शिवणारा, तिघं मोबाइल बघतायत. ‘नेटरनर आत गेला की बाकीच्यांनी पिझ्झा मागवायचा’ ही त्या खेळांतली प्रसिद्ध थट्टा अनुभवातूनच आली.

इथे कुणाची ताकद जास्त होती? कुणाचीच नाही. नेटरनर लढाईत दुबळा, बाकीचे जाळ्यात दुबळे. कागदावर चोख समतोल. तरी टेबल मोडलेलं. म्हणूनच मी म्हणतो की आकडे मागाहून बघावेत, आधी घड्याळ बघावं.

२०२०च्या ‘सायबरपंक रेड’नं यावर जो इलाज केला तो अभ्यासण्यासारखा आहे. आता नेटरनरला घरी बसून इमारत लुटता येत नाही. ज्या ठिकाणाहून जाळ्यात शिरायचं त्याच्या काही मीटरच्या आत त्याला प्रत्यक्ष उभं राहावं लागतं, आणि त्याच्या जाळ्यातल्या कृती लढाईच्या त्याच फेरीत बसतात. म्हणजे तो दार उघडतोय आणि त्याच वेळी दुसरा त्याच्यावर येणाऱ्या गोळ्या अडवतोय. नेटरनर तेवढाच हुशार राहिला, पण आता बाकीच्यांना त्याच्यासाठी काम आहे. पिझ्झा खेळ संपल्यावर.

समतोल नकोच, असं म्हणणारे

१९८७च्या ‘आर्स मॅजिका’नं हा प्रश्नच उलटा केला. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइनहॅगन यांच्या या खेळात जादूगार सगळ्यांच्या कितीतरी वर, आणि ते लपवलेलंही नाही. पण प्रत्येक खेळाडूकडे एक जादूगार, एक साथीदार आणि सगळ्यांत मिळून पहारेकरी-नोकरांचा ताफा. आज तू जादूगार, मी तुझा भालेकरी. पुढच्या खेपेला उलट. ज्या ट्वीट यांनी इथे विषमता वाटून घेतली तेच पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक झाले, याचं मला नेहमी नवल वाटतं.

१९९०च्या ‘रिफ्ट्स’मध्ये तर एका टेबलावर ड्रॅगनचं पिल्लू, प्रचंड तोफ वागवणारा चिलखती ‘ग्लिटर बॉय’ आणि साधा भटक्या, तिघंही खेळाडूंची पात्रं असू शकतात. समतोल राखण्याची सगळी जबाबदारी खेळवणाऱ्यावर.

या सगळ्यांत मला सर्वात लोभस वाटतो तो २००२चा ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’. बफीसारखी नायिका आणि तिचे साधे मित्र एकाच टोळीत कसे खेळवायचे? नायकाला बळ जास्त, पण नाट्यगुण १०. मित्रांना बळ कमी, नाट्यगुण २०. हे गुण खर्चून ऐन वेळी नशीब फिरवता येतं, गोष्टीला कलाटणी देता येते. एकाच्या हाती तलवार, दुसऱ्याच्या हाती कथानक.

गूढकथांच्या खेळांत तज्ज्ञाची किंमत वेगळ्याच ठिकाणी दिसते. सँडी पीटरसन यांच्या १९८१च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये बंदुकीपेक्षा ग्रंथालय धुंडाळायचं कौशल्य जास्त जीव वाचवतं. पण तिथेही फासा चुकला तर धागा हातचा जातो आणि गोष्ट अडते. रॉबिन लॉज यांनी पुढे ‘द एसोटेररिस्ट्स’ या खेळापासून ‘गमशू’ ही पद्धत आणून साधा नियम केला: ज्याच्याकडे नेमकं कौशल्य आहे तो योग्य जागी पोचला की मुख्य धागा मिळणारच. रक्ताचे डाग तपासणारा डाग ओळखतो, जुन्या लिप्या जाणणारा लिपी वाचतो. प्रश्न उरतो तो त्या माहितीचं काय करायचं हा, आणि त्यावर पाचही जण वाद घालू शकतात. त्या चोराच्या एक टक्क्याला मिळालेलं मला पटणारं उत्तर हेच.

आणि सगळ्यांत लोकप्रिय कोण?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात माइक आपल्या टोळीची वाटणी सांगतो: तो पॅलाडिन, विल क्लेरिक, डस्टिन बार्ड, लुकस रेंजर, इलेव्हन जादूगार. जागा भरल्या, असं म्हणून तो नव्यानं आलेल्या मॅक्सला वाटेला लावतो, आणि ती स्केटबोर्डवरून सुसाट जात सांगते की मी तुमची ‘झूमर’. असा क्लासच नाही, असं तो चिडून म्हणतो. त्याचं चुकलंच. टेबलावर आलेल्या माणसासाठी क्लास तयार करण्यावरच तर हा खेळ उभा राहिला.

एवढे सगळे रंगीबेरंगी पेशे हाताशी असताना लोक घेतात काय? २०१७ साली ‘डी अँड डी बियाँड’ या डिजिटल सेवेवर तयार झालेल्या पात्रांची आकडेवारी प्रसिद्ध झाली, तेव्हा सगळ्यांत जास्त निघाली ती जोडी म्हणजे माणूस आणि लढवय्या. पंख नाहीत, मंत्र नाहीत, साधा तलवारवाला.

याच साध्या तलवारवाल्याला लढाईबाहेर कधी फारसं काही मिळालं नव्हतं. २०२४च्या नव्या पुस्तकात दुसऱ्या पातळीपासून त्याच्याकडे ‘टॅक्टिकल माइंड’ आलं आहे. दार ढकलणं, भिंत चढणं, पहारेकऱ्याला थाप मारणं, असा कुठलाही प्रयत्न फसला तर दम भरून काढायची आपली एक संधी खर्चून तो त्यात दहा बाजूंचा फासा मिळवतो. एवढं करूनही फसलंच, तर ती संधी खर्चच होत नाही. त्यामुळे डीएमनं ‘कोण करून बघतंय?’ असं विचारलं की आता लढवय्याही हात वर करतो.